वल्ह्याला तेल की वार्निश?

कॅनडातील सरोवरांवर कॅनू या हलक्या नावेसाठी अ‍ॅश, मेपल किंवा चेरीच्या लाकडाची वल्ही हाताने तासतात. वल्हे तयार झाले, की त्याला तेल द्यावे की वार्निश, हा प्रश्न कारागिरापुढे उभा राहतो. वार्निशाचा थर पाणी चांगले अडवतो. पण खडकावर घासून त्याला चीर गेली, की पाणी आत शिरते, लाकूड काळवंडते आणि तो थर खरवडून नव्याने द्यावा लागतो. जवसाचे तेल लाकडात मुरते. पाणी त्याने तितकेसे अडत नाही, मात्र फडक्याने पुन्हा एक हात फिरवला की भागते. म्हणून अनेक कारागीर पात्याला वार्निश व मुठीला तेल देतात. दिसायला चकाकणारी वार्निशाची मूठ दिवसभराच्या वल्हवण्याने तळहाताला फोड आणते. पात्याच्या टोकाशी लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात; पाणी तेथेच अधिक शोषले जाते, तेव्हा तेथे वार्निशाचा एक हात जास्त द्यावा. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकणे मात्र धोक्याचे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते, त्या वेळी उष्णता निर्माण होते आणि साठलेल्या उष्णतेने फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.