लढणाऱ्या बायका पडद्यावर बसून का बोलतात?

शंका : लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी राजवटींविरुद्ध शस्त्र हाती घेतलेल्या स्त्रियांवरचे काही माहितीपट पाहिले. वाटलं होतं, लढाई दिसेल. दिसल्या त्या खुर्चीत बसून बोलणाऱ्या प्रौढ बायका, आणि बोलणं सगळं तुरुंगाचं, छळाचं, मुलाबाळांचं. एका चित्रपटात तर मधूनमधून चक्क नटी येते. दिग्दर्शक लढाई दाखवायला कचरतात का?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि बऱ्याच जणांना ती पडते. पण यात कचरण्याचा प्रश्न नाही. पहिलं कारण अगदी साधं आहे : लढाईची चित्रंच नाहीत.

ब्राझीलचं उदाहरण घेऊ. तिथे १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. डिसेंबर १९६८ मध्ये एका फर्मानाने संसद बंद झाली आणि राजकीय कैद्यांना अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोयही उरली नाही. उघड चळवळीची वाट बुजल्यावर अनेक तरुण-तरुणी भूमिगत संघटनांत गेले. भूमिगत माणूस टोपणनावावर आणि बनावट कागदपत्रांवर जगतो. एक फोटो पोलिसांच्या हाती लागला, की त्यातले सगळे धोक्यात. त्यामुळे फोटो उरले ते मुख्यतः सरकारी दप्तरातले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डिल्मा रुसेफ यांचा १९७० सालचा लष्करी न्यायालयातला फोटो पाहा. छळातून गेलेली बावीस वर्षांची मुलगी ताठ मानेने बसली आहे आणि मागचे गणवेशातले अधिकारी हाताने स्वतःची तोंडं झाकून घेत आहेत. हा फोटो लोकांसमोर आला २०११ मध्ये. दिग्दर्शकाला हाताशी एवढंच मिळतं. बाकी सगळं कुणाला तरी आठवून सांगावं लागतं.

आता, बायका फक्त निरोप पोचवत आणि माणसं लपवत, खरी लढाई पुरुषांची, असाही एक समज आहे. तो खरा नाही. लूसिया मुरात यांच्या १९८९ सालच्या ‘के बोम ते वेर विवा’ (तुला जिवंत पाहून बरं वाटलं) या चित्रपटात बोलणाऱ्या स्त्रियाच पाहा. मारिया दो कार्मो ब्रितो एका सशस्त्र संघटनेच्या नेतृत्वात होत्या. जेसी जेन यांनी १९७० मध्ये विमान पळवण्याच्या प्रयत्नात भाग घेतला होता. क्रिमेया आल्मेदा अरागुआइयाच्या जंगलातल्या गनिमांत होत्या; त्या गरोदर असताना पकडल्या गेल्या आणि त्यांचा मुलगा लष्कराच्या कैदेत जन्मला.

मग अशा बायका लढाई सोडून तुरुंगाबद्दल का बोलतात? कारण बहुतेकींची प्रत्यक्ष लढाई थोडक्यात आटोपली. तुरुंग मात्र वर्षानुवर्षं चालला आणि त्यानंतरचं जगणं त्याहून लांबलं. शिवाय १९७९ च्या माफीच्या कायद्याने छळ करणारेही सुटले. त्यांच्यावर खटले चालले नाहीत, त्यामुळे ही साक्ष ऐकायला कोर्ट मिळालं नाही. ती कॅमेऱ्यासमोर झाली. हे लक्षात घेतलं की खुर्चीत बसून बोलणं कंटाळवाणं वाटत नाही.

नटीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तुम्ही म्हणता तो नटीचा चित्रपट मुरात यांचाच. त्या स्वतः अशाच एका संघटनेत होत्या, १९७१ मध्ये पकडल्या गेल्या, त्यांचा छळ झाला, १९७४ मध्ये सुटल्या. त्यांनी चित्रपटाचे तीन पदर केले. साक्षी देणाऱ्या बायकांचे चेहरे ओळखपत्रावरच्या फोटोसारखे जवळून घेतले. त्यांचं घर, नोकरी, मुलं हे साध्या उजेडात टिपलं. आणि इरेने रावाशे या नटीला रंगमंचावरच्यासारख्या प्रकाशात उभं केलं. छळ सोसलेल्या बाईचा राग, तिची वासना, ‘बिचारी’ म्हणून बघणाऱ्यांचा तिला येणारा वीट हे सगळं ती बोलते. खऱ्या नावानिशी, शेजारीपाजारी आणि सासरमाहेर पाहत असताना, या गोष्टी कोण बोलेल? साक्ष देणाऱ्यांतल्या एकीने तर स्वतःची ओळखही दिलेली नाही. खोटं रचण्यासाठी नटी आणलेली नाही. जे खरं उघडपणे सांगता येत नव्हतं, ते सांगायला ती आहे.

मुलांचा प्रश्न वेगळा आणि अवघड. बंदूक घेणाऱ्या बापाला ‘मुलं कुणाकडे ठेवलीस?’ असं सहसा कुणी विचारत नाही, आईला हमखास विचारतात. हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण चिलीतल्या ‘मीर’ या संघटनेच्या बाबतीत तो प्रश्न विचारणारी व्यक्ती कोण, हे पाहावं लागतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या संघटनेचे परागंदा सदस्य तिथला लष्करशहा पिनोचेत याच्याशी लढायला छुप्या मार्गाने मायदेशी परतू लागले आणि सुमारे साठ मुलं इतर साथींच्या हवाली झाली. आधी बेल्जियममध्ये, मग क्यूबात. त्या मुलांतली एक, माकारेना आगिलो, मोठी होऊन दिग्दर्शक झाली आणि २०१० मध्ये तिने यावर माहितीपट केला. तो प्रश्न तिने विचारायचा नाही तर कुणी?

कारमेन कास्तियो यांचा ‘काये सांता फे’ (२००७) याच संघटनेबद्दल आहे. त्यांचे जोडीदार आणि संघटनेचे नेते मिगेल एन्रिकेस ५ ऑक्टोबर १९७४ रोजी सान्तियागोतल्या सांता फे रस्त्यावरच्या घरात मारले गेले. गरोदर कारमेन जखमी झाल्या, पुढे देशाबाहेर घालवल्या गेल्या. बाळ जगलं नाही. अनेक वर्षांनी त्या त्याच रस्त्यावर परततात, तेव्हा त्या दिवशी रुग्णवाहिका बोलावणारा शेजारी त्यांना भेटतो. एवढ्या मोलाचं काही लढाईच्या दृश्यात सापडलं असतं, असं मला वाटत नाही.

यातला पहिला कोणता पाहावा असं विचारलंत, तर सुझाना लिरा यांचा ‘तोर्रे दास दोंझेलास’ (२०१८) पाहा. साओ पावलोच्या ज्या तुरुंगात रुसेफ आणि इतर राजकीय कैदी स्त्रिया होत्या, तो केव्हाच पाडला गेला. दिग्दर्शिकेने या बायकांना फळ्यावर कोठड्यांचा नकाशा काढायला लावला. प्रत्येकीचा नकाशा वेगळा निघाला, आणि त्या आठवणींवरून सेट उभा केला गेला. तो भाग पाहून झाला की मुरात यांच्या चित्रपटाकडे वळा. नटी तिथे का आहे, ते पाहताना पुन्हा विचारावं लागणार नाही.