खडूने काढलेला घोडा

यवतमाळ जिल्ह्यातले प्राचीन अवशेष बहुतांशी काळ्या दगडाचे आहेत. शहरालगतच्या लोहाऱ्याचे कमलेश्वर मंदिर लोकांना ठाऊक असते. शेताच्या बांधावर किंवा तळ्याच्या काठी पडलेले खांब, द्वारशाखा, वीरगळ आणि सतीशिळा यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही. ऊन, पाऊस आणि शेंदूर यांखाली त्यांचे कोरीवकाम वर्षागणिक बुजत जाते. पुष्कळदा छायाचित्र हीच त्यांची शेवटची नोंद ठरते.

झिजलेला दगड फोटोत उठून दिसावा म्हणून त्यावर खडू फिरवण्याची सवय जुनी आहे आणि घातक आहे. प्रस्तुत लेखकाने दारव्हा तालुक्यातल्या एका वीरगळावर हेच केले. वीरगळाचे कप्पे खालून वर वाचायचे असतात: तळाशी झुंज, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाच्या कप्प्यातले जनावर अर्धे झिजले होते. भर दुपारी त्याची कड खडूने गिरवली आणि फोटोत ऐटदार घोडा उमटला. शेजारी उभ्या असलेल्या गुराख्याने तेव्हाच सांगितले होते, ‘थो घोडा नाही जी, गाय हाये थे.’ ते कानाआड गेले. पुढे हिवाळ्यात, उतरत्या उन्हात तोच दगड पाहताना मानेमागचे वशिंड स्पष्ट दिसले. गाईगुरे राखताना पडलेल्या माणसाचा दगड खडूने घोडेस्वाराचा करून टाकला होता. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत तेव्हाही शिल्लक होती आणि तो फोटो बऱ्याच जणांकडे पोचला होता. खडू दगडावर असलेली रेघ दाखवत नाही, गिरवणाऱ्याला वाटलेली रेघ दाखवतो. पीठ, भस्म, तेल यांचेही तसेच. खरवडून शेंदूर काढणे तर त्याहून वाईट.

हे काम प्रकाशाने करावे. ऊन दगडाला चाटून, अगदी तिरपे गेले की उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि बुजलेली रेघही वर येते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या शिळेला हिवाळ्यात सकाळी व संध्याकाळी असे ऊन मिळते. पूर्वाभिमुख शिळेवर सूर्योदयाला समोरून सपाट उजेड पडतो. तिच्यासाठी मध्यान्हीच्या थोडे आधीची वेळ चांगली. उत्तरेकडच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतच नाही, तिथे मे महिन्यातली कोवळ्या उन्हाची वेळ गाठावी. ढगाळ दिवशी किंवा सावलीत साधी विजेरी पुरते: ती कॅमेऱ्यापासून दूर, दगडाच्या कडेला, त्याच्या पृष्ठभागाशी जवळपास समांतर धरावी, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, आणि प्रत्येक वेळी फोटो घ्यावा. कॅमेरा मात्र जागचा हलवू नये.

चौकटभर काळा दगड असला की कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि दगड राखाडी होतो. अशा वेळी एक्स्पोजर अर्ध्या ते एका टप्प्याने कमी करावे. मागे मोठे आभाळ असेल तर उलट होते, दगड काळाठिक्कर पडतो. तेव्हा आभाळ चौकटीबाहेर ठेवणे बरे.

केंद्र संरक्षित स्मारकांच्या आवारात साध्या छायाचित्रणाला जुलै २०१८ पासून मुभा आहे. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य मकबरा त्यातून वगळले आहेत. ट्रायपॉड, व्यावसायिक चित्रीकरण आणि ड्रोन यांसाठी पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राज्य संरक्षित वास्तूंसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. पूजा चालू असलेल्या देवळात, उदाहरणार्थ कळंबच्या चिंतामणीला, देवस्थानाला विचारूनच कॅमेरा काढावा.

नोंद नसलेल्या पडक्या देवळाची गोष्ट वेगळी. तिथे अनोळखी माणसे सामान घेऊन फिरताना दिसली की गुप्तधन काढणारे आले, असा संशय गावाला येतो, आणि तो अकारण नसतो. गुप्तधनाच्या नादात गाभारे खणले गेले आहेत. म्हणून आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावे, दिवसाउजेडी जावे, जमल्यास गावातला एखादा जाणता माणूस सोबत घ्यावा. मूर्ती कोणाची, दगड पूर्वी कुठे होता, हे त्यालाच माहीत असते.

गाभाऱ्यात वटवाघळे असतील तर फ्लॅश वापरू नये. आग्या मोहोळ दिसले की त्या बाजूला फिरकूच नये. उंचीसाठी खांबाच्या तुकड्यावर चढणे आणि सुटी मूर्ती ‘चांगल्या उजेडात’ उचलून ठेवणे, दोन्ही टाळावे. मूर्ती जागेवरून हलली की ती कुठल्या वास्तूची हे सांगणारा पुरावा जातो.

प्रत्येक दगडाचा एक फोटो मोजपट्टीसह आणि एक तिच्याशिवाय घ्यावा. मोजपट्टी शेजारी ठेवावी, कोरीवकामावर टेकवू नये. मग परिसर दाखवणारा लांबून एक फोटो. गाव, शिवार, दगडाच्या तोंडाची दिशा, तारीख आणि वेळ तिथेच वहीत लिहावी. फोटो इतरांना पाठवताना मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करावी, कारण सुट्या मूर्तींचा नेमका पत्ता चोरांच्याही उपयोगी पडतो. मूळ फाइली जशाच्या तशा जपाव्यात, आणि एक संच ग्रामपंचायतीकडे द्यावा.