वाढदिवसाची सुई

अगं, काल तू म्हणालीस, "पिल्लूच्या पहिल्या वाढदिवसाला पुण्यातच असू, वर्षाची इंजेक्शनं दोन महिन्यांनी परत आल्यावर बघू." आईही फोनवर होती म्हणून मी गप्प बसले. पण रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितेय.

तुझा हिशेब मला कळतो. आठव्या आणि बाराव्या आठवड्याला पिल्लूने मेनिंजायटिस बीची, म्हणजे मेनबीची, लस घेतली, रात्रभर तापाने फणफणलं, म्हणजे मेनिंजायटिसचं झालं. पण इतक्या तान्ह्या वयात घेतलेल्या लशीचं बळ फार दिवस पुरत नाही गं.

हे इथे ब्रिटनला ठेच लागूनच कळलं. 1999च्या नोव्हेंबरात मेनिंजायटिस सीची (मेनसीची) नवी लस सुरू करणारा हा देश जगात पहिला. बाळांना दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या महिन्यात तीन डोस दिले, पुढे काहीच नाही. 2004मध्ये नोंदी तपासल्या, तेव्हा त्या तान्ह्यांमध्ये वर्षभरानंतर संरक्षण जवळजवळ उरलंच नव्हतं. मग 2006पासून वर्षाच्या बाळाला बूस्टर द्यायला लागले.

शरीर जंतूला विसरतं असं नाही. पण ओळख पटून नवी प्रतिपिंडं तयार व्हायला चार-पाच दिवस तरी जातात, आणि हा जंतू एकदा रक्तात उतरला की काही तासांत बाळाची अवस्था बिघडू शकते. म्हणून प्रतिपिंडं रक्तात आधीच हजर हवीत. वर्षाचा डोस तेच करतो, आणि या वयात त्याचं बळ जास्त टिकतं. जन्मभर नाही, काही वर्षं. त्यातली पहिली दोन-तीन फार मोलाची.

मेनसीच्या वेळी बाळं एका गोष्टीने तरली. अठराच्या आतल्या सगळ्यांना लस दिली होती, त्यामुळे मोठ्या मुलांच्या घशातला जंतूच कमी झाला आणि धाकटी आपोआप सावलीत आली. मेनबीच्या लशीला हे जमत नाही, घशातला जंतू ती हटवत नाही. पिल्लूला जे काही बळ असेल ते त्याच्या स्वतःच्या रक्तातलं.

आणि "पुण्यात घेऊन टाकू" म्हणशील, तर तिकडच्या सरकारी वेळापत्रकात मेनबी नाहीच. तिकडच्या पेंटाव्हॅलेंट लशीत असते ती हिबची लस, तो जंतू वेगळा.

जावळाचं म्हणशील, तर ते तिसऱ्या वर्षीही चालतं. मामाची मांडी कुठे पळून जात नाही. वाढदिवस इथे कर, त्याच आठवड्यात सुया घे, ताप उतरला की निघा. वाढदिवसाच्या आधी मात्र घाई करून मागू नकोस, त्याच सुयांमधली गोवराची लस वेळापत्रकाप्रमाणे वर्ष पूर्ण झाल्यावरच देतात. आणि जाणं टळणारच नसेल, तर परतीची अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेव. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, फक्त दुसऱ्या वाढदिवसाच्या आत तो डोस व्हायला हवा.

एक मात्र लस घेतली तरी ध्यानात ठेव, कारण मेनिंजायटिसचे सगळे जंतू कुठलीच लस अडवत नाही. ताप असून हातपाय गार, बाळ मलूल, टाळू फुगलेली, उचललं तरी कळवळून रडतंय, तर पुरळाची वाट बघू नकोस. काचेचा ग्लास दाबून पाहायची खूण तुला हेल्थ व्हिजिटरने सांगितली असेल: दाबूनही डाग जात नाहीत तर धोका. पण आपल्या सावळ्या कातडीवर ते डाग पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीच्या आत, तोंडातल्या टाळूवर बघ. आणि डाग असोत-नसोत, शंका आली की सरळ 999ला फोन.

उद्या सकाळी आठला तुझ्या डॉक्टरांच्या सर्जरीचा फोन सुरू होतो, तेव्हाच लाव. तिकीट बदलायचे जे पैसे लागतील ते मी भरते, त्यावर वाद घालू नकोस. आईला काय सांगायचं तेही माझ्याकडे सोड.


तुझी ताई