आधी काटा, मग कॅराव्हॅन

हे बघ बाळा, तू आणि जावई दोघांपुरती छोटी कॅराव्हॅन घ्यायची म्हणताय, फार चांगलं. कॉर्नवॉलचा समुद्र, वेल्सचे डोंगर, लेक डिस्ट्रिक्टची तळी, सगळं आपल्या हातचा चहा पीत बघता येतं. इथे ब्रिटनमध्ये मी आणि तुझे काका इतकी वर्षं कॅराव्हॅन ओढतोय, त्यातलं सगळ्यात कामाचं आज तुझ्या कानात घालते. छोट्या कॅराव्हॅनमध्ये जागा संपायच्या आधी वजन संपतं. कपाटं अर्धी रिकामी दिसतात आणि गाडी केव्हाच पुरेपूर भरलेली असते. म्हणून गाद्या-पडदे नंतर बघ, आधी वजनाचा हिशेब मांड.

पाटी वाचायला शीक

दाराजवळ वजनाची पाटी किंवा स्टिकर असतो. त्यातला एमटीपीएलएम म्हणजे सगळं सामान भरल्यावर कॅराव्हॅनचं वजन जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. एमआरओ किंवा एमआयआरओ म्हणजे कारखान्यातून निघालेल्या, तुमचं सामान नसलेल्या गाडीचं वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलंस की उरतं ते पेलोड, म्हणजे तुमच्या वाट्याचं वजन. समजा एमटीपीएलएम १,००० किलो आणि एमआरओ ८७० किलो, तर तुमच्या हाती १३० किलो आले.

पेलोड कमीत कमी किती असावं, याचं युरोपीय मानकात सूत्र आहे. झोपायच्या जागांना १० ने गुणायचं, गाडीच्या खोलीची मीटरमधली लांबी १० ने गुणायची, दोन्हींची बेरीज करून त्यात ३० मिळवायचे. दोन जणांची, ४ मीटरची गाडी असेल तर २० अधिक ४० अधिक ३०, म्हणजे ९० किलो. नियमाला एवढं पुरतं, संसाराला पुरेलच असं नाही. तेव्हा नियमात बसते एवढ्यावर गाडी पसंत करू नकोस.

एमआरओवर डोळे झाकून विसंबू नकोस

त्यात काय काय धरलंय ते पुस्तिकेत नीट वाच. कुणी गॅस आणि पाणी धरतं, कुणी धरत नाही. बॅटरी बहुतेक वेळा त्यात नसते. कारखान्यातून जास्तीच्या म्हणून बसवून घेतलेल्या वस्तूही पेलोडमधून वजा होतात. शिवाय प्रत्यक्ष गाडी छापील एमआरओपेक्षा ५ टक्के इकडेतिकडे असू शकते, हे माहितीपुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ८७० चे ५ टक्के म्हणजे साधारण ४३ किलो. १३० मधले ४३ तिथेच गेले, तर घरातली कुठली वस्तू मागे ठेवणार ते तूच सांग.

आधी न दिसणारं वजन मोजायला घे

कपडे आणि भांडी सगळ्यांनाच आठवतात. पेलोड खातात त्या भलत्याच वस्तू. ११० अँपिअर-तासाची साधी लेड-ॲसिड बॅटरी सुमारे २५ किलोची. रिमोटवर गाडी सरकवणारा मोटर मूव्हर ३० किलोच्या आसपास. प्रोपेनच्या सिलिंडरवरचा ६ किलोचा आकडा नुसत्या गॅसचा, लोखंडासकट तो १५ किलोच्या घरात जातो. दारापुढे लावायचा ऑनिंगचा तंबू दांड्या-खुंट्यांसकट २० किलो धर. हे झाले ९० किलो, आणि अजून एक चमचासुद्धा आत गेलेला नाही. उरलेल्या ४० किलोत पाण्याचा ड्रम, विजेची केबल, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण, कपडे, प्रेशर कुकर, तवा, पोळपाट-लाटणं आणि किराणा, सगळं बसवायचंय.

यासाठी सोपी रीत आहे. बाथरूमच्या काट्यावर आधी स्वतः उभी राहा, मग पिशवी उचलून उभी राहा, आणि फरक वहीत लिही. असं एकेका वस्तूचं कर. आपल्या घरांत आट्याची १० किलोची गोणी आणि तांदळाची गोणी आहे तशी गाडीत टाकायची सवय असते, ती मोड. चार दिवसांचं पीठ डब्यात काढून ने, बाकीचं तिथल्या दुकानात मिळतं.

पाण्याचं तर लक्षातच ठेव, १ लिटरला १ किलो. ४० लिटरचा ड्रम घरून भरून नेलास तर राहिलेलं सगळं वजन त्यातच संपलं. कॅम्पसाइटवर नळ असतो. वाटेत टाकी, ड्रम आणि टॉयलेटची कॅसेट रिकामी असू दे.

वर्षातून एकदा खऱ्या काट्यावर घाल

वही कितीही चोख लिहिलीस तरी शेवटचा शब्द वे-ब्रिजचा. खाणींवर, भंगाराच्या मोठ्या आवारात, काही ठिकाणी काउन्सिलकडे सार्वजनिक काटे असतात. आधी फोन कर, पैसे किती, कॅराव्हॅन सोडून ठेवू देतील का, ते विचार. सहलीला निघताना भरतेस तशीच गाडी भरून ने. कारपासून सुटी कर, पुढचं छोटं चाक धरून सगळी चाकं काट्यावर येऊ देत, मग मिळतं ते पूर्ण वजन. पावती जपून ठेव. काही काटे १०–२० किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात, म्हणून अगदी कडेपर्यंत भरू नकोस, थोडी जागा सोड.

नाकावरचा भार

एकूण वजन बरोबर असलं तरी ते कुठे बसलंय यावर सगळं अवलंबून आहे. गावाकडची बैलगाडी आठव. मागे भार झाला की ती उलाळते, पुढे झाला की बैलांच्या मानेवर जू रुततं. कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकावरच्या जोडणीने, म्हणजे हिचने, कारच्या मागच्या टोबॉलवर दिलेल्या भाराला नोज वेट म्हणतात. तो भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १,००० किलोच्या गाडीला ५० ते ७० किलो. त्यालाही मर्यादा आहेत. कारची एक, टोबारची एक, कॅराव्हॅनच्या हिचची एक. तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान, तो तुझा.

हे घरीच मोजता येतं. सपाट जागेवर चाकांना गुटके लाव, कोपऱ्यांचे पाय वर कर. हिचच्या खाली बाथरूमचा काटा ठेव, त्यावर फळी, आणि फळीवर लाकडाचा दांडा उभा कर. जोडल्यावर हिच जेवढ्या उंचीवर राहतो, काटा आणि फळी धरून बरोबर तेवढीच उंची होईल असा दांडा काप. मग पुढचं चाक हळूहळू वर घे, म्हणजे सगळा भार दांड्यावर येतो. आकडा वाच आणि फळी-दांड्याचं वजन त्यातून वजा कर.

भार कमी भरला तर मागची वस्तू मागेच ठेवून पुढे दगड लादू नकोस. जड सामान जमिनीलगत, धुऱ्याच्या वर किंवा किंचित पुढे ठेव. मध्यम वजनाचं त्याच्या आसपास. वरच्या कपाटांत फक्त टॉवेल, बिस्किटं असलं हलकं सामान. दोन्ही टोकांना जड वस्तू ठेवल्या की काट्यावर आकडा छान दिसतो, पण गाडी एकदा डावी-उजवी डोलू लागली की ती टोकंच डोलणं वाढवतात. उतारावर मोठा ट्रक शेजारून गेला की हे कळतं. तसं झालं तर जोरात ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढ.

कारचाही हिशेब वेगळा

कॅराव्हॅनमध्ये मावलं नाही ते कारच्या डिकीत, असं सगळे म्हणतात. पण कारलाही मर्यादा आहे. माणसं, सामान आणि टोबॉलवरचं नोज वेट, तिन्ही तिच्या वाट्यात मोजायची. कार आणि कॅराव्हॅनचं मिळून कमाल वजनही कारच्या पाटीवर असतं. नवख्यांसाठी इथला जुना सल्ला असा की कॅराव्हॅनचं एमटीपीएलएम कारच्या कर्बवेटच्या, म्हणजे रिकाम्या कारच्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत असावं. हा कायदा नाही, पण तू पाळ. आणि कार बनवणाऱ्याने घातलेली ओढायची मर्यादा कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोठी.

१६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. लायसन्स चालतं म्हणून कार पेलेल असं समजू नकोस.

टायरकडेही बघ. बाजूवर साइजनंतरचा आकडा भार सांगतो, ९३ असेल तर एका टायरला ६५० किलो. चार अंकी तारखेत आधी आठवडा, मग वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, त्यामुळे खाचा खोल दिसल्या तरी तारीख वाच.

परतीचं वजन

निघताना मोजून भरलेली गाडी परत येताना जड होते. ओला तंबू कोरड्यापेक्षा कितीतरी भारी असतो. त्यात शेतातल्या दुकानातले बटाटे आणि किनाऱ्यावरचे दगड. तेव्हा जाताना १०–१५ किलो मोकळे ठेव.

आता शेवटचं. विक्रेत्याकडे गेलीस की पहिला प्रश्न पेलोडचा विचार. बॅटरी, मूव्हर त्यातून गेल्यावर किती उरतं, हे त्याच्याकडून लिहून घे. कमी वाटलं तर वजनाची पाटी वाढवून मिळते का ते विचार. काही बनावटींत गाडीत काही न बदलता मिळते, काहींत धुरा बदलावा लागतो, काहींत मिळतच नाही. तरीही हिशेब बसत नसेल, तर गाडी कितीही मनात भरली असली तरी सोड. जास्तीच्या वजनाने दंड होतो, विम्याचा दावा अडकू शकतो, पण त्याहून मोठं म्हणजे मागून येणाऱ्या गाडीतही कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. वही आणि काटा हाताशी ठेव, आणि शंका आली की सामान उतरव.