मुंबईच्या गोदीतली सागाची फ्रिगेट

भाची : मुंबईत बांधलेली युद्धनौका बघायला इंग्लंडला जायचं? मामा, हे काही मला पटत नाही.

मामा : काय करणार, ती तिथेच उरली आहे. ईशान्य इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाचं बंदर आहे, तिथे. नाव ‘एचएमएस ट्रिंकोमाली’. आज तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये तीच सगळ्यांत जुनी.

भाची : अ‍ॅडमिरल नेल्सनची ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी ना?

मामा : आहेच, 1765ची. पण व्हिक्टरी 1922पासून कोरड्या गोदीत उभी आहे. ट्रिंकोमाली अजून पाण्यात आहे. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती मुंबईत पाण्यात उतरली. ही तारीख लक्षात ठेव. त्यानंतर चोवीस दिवसांनी खडकीची लढाई झाली आणि पेशवाईची अखेर सुरू झाली. पुण्याचं राज्य बुडायला आलं होतं, त्याच सुमारास इकडे मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी जहाज तयार होत होतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी एका पानावर कधी येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

भाची : पण इंग्रजांनी स्वतःच्या नौदलाचं जहाज इतक्या लांब का बांधून घेतलं?

मामा : लाकडासाठी. नेपोलियनशी वर्षानुवर्षं लढून त्यांच्याकडचा चांगला ओक संपत आला होता, आणि मुंबईत मलबारचा साग येत होता. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं. ते लोखंडी खिळ्याला खातं, खिळा गंजला की त्याच्या भोवतीचं लाकूडही जातं. साग तेलकट असतो. त्यातला खिळा टिकतो, पाणी लवकर मुरत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्रातले किडेही त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. शिवाय बांधणारी माणसं इथे होती. लवजी नसरवानजी वाडिया 1736च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून गोदीचं काम त्या घराण्याकडे. ट्रिंकोमाली बांधली ती त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी. जहाजाचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकायचे, तसा तो हिच्यातही ठोकला. ब्रिटिश राजाचं जहाज, मलबारचं लाकूड आणि खिळा ठोकणारा पारशी वस्ताद.

भाची : नकाशे मात्र लंडनचे?

मामा : हो, आणि त्यांचीही एक हकिकत आहे. 1812मध्ये नकाशे घेऊन ‘जावा’ नावाची फ्रिगेट मुंबईला निघाली. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला गाठलं आणि हरवलं. जावा इतकी मोडली होती की शेवटी जाळून टाकावी लागली. मग नकाशांच्या नव्या प्रती दुसऱ्या जहाजातून पाठवल्या आणि पठाण बसायला 1816 उजाडलं. ती कॉन्स्टिट्यूशनही आज बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे बरं.

भाची : मग हिने लढाया कुठल्या मारल्या?

मामा : मोठी एकही नाही.

भाची : एकही नाही?

मामा : 1819मध्ये ती पोर्ट्समथला पोचली तेव्हा वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरून चार वर्षं झाली होती. युद्धच उरलं नव्हतं. डोलकाठ्या आणि तोफा उतरवून तिला राखीव ताफ्यात टाकलं. अशा जहाजांवर त्या काळी लाकडी छप्पर घालून ठेवत. ओकची कितीतरी जहाजं तशी पडल्या पडल्या कुजून गेली. ही मात्र पंचवीसेक वर्षांनी, 1845मध्ये उघडली तर कामाला लावण्याजोगी निघाली. मूळ अडतीस तोफांची फ्रिगेट. तिच्या तोफा सव्वीसवर आणल्या, पण त्यातल्या काही जास्त वजनदार घेतल्या, मागची बाजू गोलसर केली आणि 1847मध्ये ती कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान वर्गातली युद्धनौका, म्हणून निघाली.

भाची : म्हणजे खरी नोकरी तिशीत सुरू झाली.

मामा : आणि तीसुद्धा जेमतेम दहा वर्षांची, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिज. गुलामांची चोरटी वाहतूक अडवायची, मासेमारीच्या पाण्यावर गस्त घालायची. दुसरी फेरी 1852 ते 1857, पॅसिफिकमध्ये, कॅप्टन वॉलेस ह्यूस्टन यांच्या हाताखाली. त्या काळात क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि अलास्का रशियाकडे होता, म्हणून तिकडेही नजर ठेवावी लागे. उत्तर ध्रुवाकडे गेलेली इंग्रज दर्यावर्दी फ्रँकलिनची मोहीम बेपत्ता झाली होती. तिचा शोध घेणाऱ्या ‘प्लोव्हर’ जहाजाला रसद द्यायला ही बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत गेली. विचार कर, मलबारच्या जंगलातलं लाकूड बर्फाच्या कडेला! कॅनडात व्हँकुव्हर बेटाजवळच्या एका जलमार्गाला आजही तिचंच नाव आहे.

भाची : तरी लढाई नाही म्हटल्यावर मला ती थोडी फिकी वाटते.

मामा : मला नाही वाटत. नौदलाचं रोजचं काम हेच असतं. गस्त, रसद, पाहणी, धाक. लढाया पुस्तकात जातात, बाकीची नोकरी जहाजाच्या रोजनाम्यात राहते. आणि हिची सगळ्यांत लांब नोकरी तर अजून पुढेच आहे. 1860नंतर तिला राखीव नौसैनिकांच्या कवायतीसाठी दिलं. आधी संडरलंड, मग 1862पासून पंधरा वर्षं वेस्ट हार्टलपूल, मग साउदॅम्प्टन. 1897मध्ये तिला भंगारात विकलं.

भाची : अरेरे. आणि वाचवलं कोणी?

मामा : व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने. त्यांनी नेल्सनचं ‘फूद्रोयां’ हे जुनं जहाज मुलांच्या प्रशिक्षणासाठी घेतलं होतं. ते त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. त्याच्या जागी त्यांनी ट्रिंकोमाली विकत घेतली आणि तिला फूद्रोयांचं नाव दिलं. मग फाल्मथ, मिलफर्ड हेवन, पोर्ट्समथ, असं करत 1986पर्यंत मुलं तिच्यावर दोरखंड आणि होड्या शिकत होती. पोर्ट्समथला तिच्या शेजारी ट्रफाल्गरच्या लढाईतलं ‘इम्प्लेकेबल’ नांगरलेलं होतं. त्याच्या दुरुस्तीला पैसा उभा राहिना, म्हणून 1949मध्ये ते समुद्रात नेऊन बुडवलं. ट्रफाल्गर पाहिलेलं जहाज गेलं आणि एकही मोठी लढाई न पाहिलेलं राहिलं, कारण त्याच्यावर पोरं शिकत होती आणि त्याचं लाकूड साथ देत होतं.

भाची : आणि परत हार्टलपूल?

मामा : 1987मध्ये तिला एका तराफ्यावर चढवून तिथे नेलं. जिथे पूर्वी कवायत करून घेतली त्याच गावच्या सुतारांनी, लोहारांनी तिला उभं केलं. 1992मध्ये मूळ नाव परत मिळालं, काम 2001मध्ये संपलं. निम्म्याहून अधिक लाकूड अजून जुनंच आहे. पुढच्या टोकाला पागोटं घातलेल्या माणसाची रंगवलेली मूर्ती आहे, ती जरूर बघ.

भाची : मुंबईत मात्र काहीच नाही?

मामा : असं कसं! वाडियांच्या काळातली डंकन गोदी अजून वापरात आहे, नेव्हल डॉकयार्डच्या भिंतीआड. लायन गेटवरून जाताना ती दिसत नाही आणि परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. नौदलातल्या एका जुन्या मित्राला विचारून ठेवतो. हार्टलपूलचं तिकीट काढण्याआधी तू ती गोदी बघून घे.