उंदराचा गुडघा आणि इगतपुरीच्या बाईचा

मी नाशिकमध्ये फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवतो. एम. फार्म.चं कुणी ना कुणी दरवर्षी गुडघ्याच्या झिजेवर औषध शोधायचा प्रकल्प घेऊन येतं. त्यांच्याशी वाद घालताना पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आजार कुठला, ते आधी ठरवा. उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचलं की काही तासांत पंजा टम्म फुगतो. औषधाने तो उतरतो आणि आलेख देखणा येतो. पण ती तात्पुरती सूज. फ्रॉइंडच्या अ‍ॅज्युव्हंटने होतो तो आमवातासारखा आजार. तरीही प्रबंधाच्या कव्हरवर बिनदिक्कत ‘सांधेझीज’ छापलेलं असतं! झिजेसाठी सोडियम आयोडोअ‍ॅसिटेट थेट गुडघ्यात देतात. कूर्चेच्या पेशींना साखरेतून ऊर्जा मिळायची वाट ते अडवतं आणि पेशी मरतात. इथेही सुरुवातीला दाह भडकतो, मग बराचसा निवळतो. त्या पहिल्या दिवसांत दिलेलं कुठलंही सूजनाशक गुणकारी दिसतं. ‘कूर्चा गेल्यावर औषध सुरू करून दाखव,’ म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात.

२. एक वाट अडवून दाह थांबत नाही. आयएल-१ हा दाहाचा संदेशवाहक रेणू पेशीवर बसला की आत एनएफ-कप्पा-बी हा जनुकांचा स्विच जागा होतो आणि एमएमपी-१३सारखी कूर्चा कुरतडणारी एन्झाइमं बनू लागतात. वर्गात फळ्यावर हे फार सोपं दिसतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लिगामेंट कापलेल्या कुत्र्यांच्या गुडघ्यात आयएल-१चा रोधक टोचला, तेव्हा कूर्चेची हानी कमी झाली. २००९ साली त्याच जातीचं औषध, अनाकिन्रा, १७० रुग्णांवरच्या चाचणीत वापरलं. चार आठवड्यांनी प्लासिबोपेक्षा सरस काही हाती लागलं नाही. एकच इंजेक्शन होतं, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढे आयएल-१च्या दोन्ही रूपांना धरणारं लुटिकिझुमॅब वर्षभर देऊनही सांध्याच्या अस्तराची सूज हटली नाही.

का? माझं मत असं : कुत्र्याचा गुडघा आपण एका दुपारी बिघडवतो. इगतपुरीकडे उभा जन्म भातलावणीत वाकलेली बाई दवाखान्यात येते, तोवर वजन, वय, पाळी गेल्यानंतरचे बदल, हाडाची वाढ असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. तिथे आयएल-१ हा अनेकांतला एक.

३. प्रयोगात बहुधा तरुण नर उंदीर असतात. गुडघ्याची झीज जास्त होते ती उतारवयातल्या बायकांना. एवढं बोलून गाईड गप्प बसतो, कारण म्हातारे उंदीर सांभाळायला बजेट नसतं.

४. गणपतीत मापं घेऊ नका. नाशिक ढोल अ‍ॅनिमल हाउसच्या भिंतींना जुमानत नाही. गोंगाटाच्या ताणाने उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि ते स्वतःच दाह दाबतं. मग कंट्रोल गटच बरा दिसायला लागतो.

५. आपल्याकडे माणसांवर झालेलं कामही वाचा. नागपुरात सालईच्या डिंकाची, म्हणजे शल्लकीची, गुडघ्याच्या ३० रुग्णांवर चाचणी झाली; ती २००३ साली छापून आली. संख्या लहान, पण वेदना आणि सूज कमी झाली. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने २०१३ साली ४४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला : सुंठ, गुळवेल, आवळा, गुग्गुळ यांची मिश्रणं एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. २४ आठवड्यांत आराम जवळपास सारखाच. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींचं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलं, तेही त्यांनी लिहिलं. माझ्या लेखी त्या निबंधाचं मोल त्या ओळीमुळे वाढतं. ‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य मी प्रबंधातून लाल पेनाने काढतो.

६. औषध सांध्यात थांबत नाही. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं आहेत. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने त्यांच्यासाठी खाद्याची जागा केली. लंगड्या गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे सूजनाशक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी होताच. तरी अ‍ॅसिक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकचं भावंड चालू राहिलं, ते गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनतं हे ठाऊक झाल्यावरही. त्यावर बंदी आली २०२३ साली.