मन कशात रमते?

अभ्यासासाठी वाचन : स्तोत्र १ व २, मार्क १:३५-३८, १ करिंथ ६:१२

पहिल्या स्तोत्रातील धन्य मनुष्य नियमशास्त्राचे मनन करतो, तर दुसऱ्या स्तोत्राच्या आरंभी लोक देवाविरुद्ध निष्फळ बेत आखतात. मराठीत दोन ठिकाणी दोन शब्द आहेत. मूळ इब्री भाषेत मात्र क्रियापद एकच आहे. यशया ३१:४ मध्ये तेच क्रियापद भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी, तर ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी आले आहे. ओठांतल्या ओठांत पुटपुटत एकच गोष्ट धरून राहणे, हा त्याचा भाव होय. म्हणजे तल्लीनता स्वतः पुण्यही नाही आणि पापही नाही.

आता चरोद्याच्या रेल्वे वसाहतीतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. वडील यार्डातील रात्रपाळीस निघण्यापूर्वी कौटुंबिक प्रार्थनेस बसले आहेत आणि मुलगा मोबाइलवरील खेळातून उठत नाही. आपण त्यास उद्धट म्हणतो. परंतु तो खेळ कसा चालतो, हे आपण कधी विचारले आहे काय? पब्जीसारख्या खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि सामना मध्येच थांबवता येत नाही. चौघांच्या गटातील एक उठला, तर उरलेले तिघे उघडे पडतात. त्या मुलास बांधून ठेवणारी गोष्ट पुष्कळदा मैत्रीच असते. केंद्र शासनाने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आला. बंदीने मन मोकळे होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. तेथे खेळाचे तास मोजलेले नाहीत. ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे आणि हानी दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही लक्षणे सांगितली आहेत. ती साधारणतः बारा महिने दिसावी लागतात. करिंथकरांस लिहिताना पौलाने योजलेले ग्रीक क्रियापदही अधिकाराविषयीचेच आहे : माझ्यावर सत्ता कोणाची?

हाच प्रश्न ध्यानास बसणाऱ्यांनाही लागू पडतो. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून आलेला गृहस्थ असो, की पहाटे दार लावून प्रार्थना करणारी आपल्या मंडळीतील भगिनी असो, बाहेरून हाक आली असता कपाळावर आठी पडते काय? (वडीलधाऱ्यांच्या ध्यानास सहसा कोणी व्यसन म्हणत नाही, एवढाच फरक.) प्रभू येशू अगदी पहाटे एकांती प्रार्थना करीत असता शिमोन त्यास शोधत आला. प्रभूने त्यास दटावले नाही, तो उठला. मात्र शोधणाऱ्या गर्दीकडे परत न जाता तो पुढच्या गावांकडे निघाला. एकांताची सत्ता त्याच्यावर नव्हती, तशी गर्दीचीही नव्हती.

या आठवड्यात वरील उतारे मुलांसह वाचावेत. प्रथम मुलाने आपला खेळ समजावून सांगावा आणि वडिलांनी मध्ये न बोलता ऐकावे. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो. तो कधी संपेल हे त्यालाच विचारून प्रार्थनेची वेळ दोघांनी मिळून ठरवावी.